काच फुटली की नाव कोणाचं घ्यायचं?

प्रश्न असा आहे: डब्ल्यूडब्ल्यूई आणि तसल्या कुस्ती कंपन्यांमध्ये रेसलर रिंगकडे येताना जे म्युझिक वाजतं ते कोण बनवतं, त्या लोकांना काही मान मिळतो का, आणि चाहत्यांनी त्यांची दखल घ्यायची तर कशी? मी मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींच्या धुना, खेळांच्या कार्यक्रमांचं संगीत अशी कामं करतो. त्यामुळे हे उत्तर चाहत्यापेक्षा कारागिराच्या बाजूने जास्त येईल.

आधी एक नाव घेऊन टाकतो. जिम जॉन्स्टन. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २०१७ पर्यंत, म्हणजे तीसहून अधिक वर्षं, ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे, पुढे डब्ल्यूडब्ल्यूईचे, घरचे संगीतकार होते. अंडरटेकरची अंत्ययात्रा, अल्टिमेट वॉरियरची ती सुसाट धाव, स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनची फुटणारी काच, द रॉक, केन, विन्स मॅकमहॉनचं ‘नो चान्स इन हेल’ हे सगळं त्यांच्याच डोक्यातून आलेलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते कुटले, त्यांना यातली प्रत्येक धून पहिल्या सेकंदाला ओळखू येते. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड सगळं छापलेलं असायचं. धून कोणाची, हा रकाना कुठेच नव्हता.

तो का नव्हता, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ही कुस्ती ठरवून खेळतात हे प्रेक्षकाला माहीत असतं, तरी रिंगमधलं जग खरं आहे असं सगळे मिळून मानतात. या खेळात एन्ट्रीचं म्युझिक त्या रेसलरच्या अंगातून आल्यासारखं वाटावं लागतं. अंडरटेकर येतोय म्हणून घंटा वाजते. कोणा संगीतकाराने स्टुडिओत बसून ती वाजवली, हे त्या क्षणी आठवलं तर खेळ मोडला. सिनेमात शेवटी श्रेयनामावली येते, नाटकात पडदा पडल्यावर नावं घेतात. इथे पडदाच कधी पडत नाही, पुढच्या सोमवारी गोष्ट तिथूनच पुढे सुरू. म्हणजे संगीतकाराने जितकं चोख काम करावं तितका तो दिसेनासा होतो. पार्श्वसंगीत करणाऱ्या सगळ्यांचं थोडंफार असंच असतं, पण कुस्तीत ते टोकाला गेलंय.

आता कामाबद्दल, कारण काम कळल्याशिवाय केलेला सन्मान म्हणजे नुसती शाल आणि नारळ.

एन्ट्रीची धून आणि गाणं या वेगळ्या वस्तू आहेत. गाण्याला तीन मिनिटं मिळतात, मुखडा-अंतरा मिळतो. एन्ट्रीच्या धुनेला मिळतो एक सेकंद. त्या एका सेकंदात पंधरा-वीस हजार लोकांना, आधीच कल्ला चालू असताना, कोण येतंय हे कळलं पाहिजे. पडद्यावर नाव झळकायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणून सुरुवातीला एक फटका लागतो: ऑस्टिनची काच, अंडरटेकरची घंटा, डी-जनरेशन एक्सचं ‘आर यू रेडी?’, रॉकचा स्वतःचा आवाज. काचेचंच बघा. काच फुटण्याला सूर नाही, ताल नाही. पण तिची वारंवारता वरच्या पट्टीत असते आणि गर्दीचा घोंगावणारा आवाज बहुतांशी मधल्या पट्टीत, त्यामुळे ती त्या गोंगाटातून सुरीसारखी निघते. शिवाय काच फुटली की माणूस दचकून मान वळवतो; ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. १९९६ मध्ये ऑस्टिन अजून मोठा स्टार झालेला नव्हता. रागीट, टेक्सासचा, कोणाचं न ऐकणारा अशी त्याची ओळख नुकती कुठे घडत होती. तेवढ्यावर जॉन्स्टननी हा आवाज निवडला. मला विचाराल तर जाहिरातींच्या जगातही इतकी नेमकी ध्वनिमुद्रा फार कमी सापडते.

फटक्यानंतरचं कामही तितकंच अवघड असतं, फक्त ते जाणवत नाही. मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरच्या टोकाला बसलेल्याला तो ऐकू यायला सेकंदाचा मोठा हिस्सा जातो, आणि तोवर भिंतींवरून परतलेला आवाजही त्यात मिसळतो. अशा जागी भरभर हरकती घेतल्या तर त्यांचा चिखल होतो. म्हणून या धुनांमध्ये दोन-चार सुरांचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, असतो, मोकळ्या जागा असतात, ढोलाचा ठोका ठळक असतो. ऐकायला बाळबोध वाटतं, पण बाळबोध ठेवायलाच हिंमत लागते. त्यातून रेसलर किती वेळ घेणार हे आधी ठाऊक नसतं. कोणी धावत येतो, कोणी प्रेक्षकांच्या हातांना हात लावत सावकाश येतो. मग धून कुठूनही परत फिरवता आली पाहिजे, सांधा कळता कामा नये. आणि लय हवी ती चालण्याची. वॉरियर धावत यायचा, म्हणून त्याची गिटार धापा टाकते; अंडरटेकरचा पाय मिनिटाला मोजकेच वेळा पडतो, म्हणून त्याचा ऑर्गन थांबत थांबत येतो. त्या माणसाची चाल पाहून संगीत लिहायचं असतं. नृत्यासाठी लिहिणाऱ्यांना हे लगेच समजेल.

अंडरटेकर नोव्हेंबर १९९० मध्ये पडद्यावर आला. त्याच्या पहिल्या धुनेत शोपँचं शोकसंचलन आहे, त्यांच्या दुसऱ्या पियानो सोनाटातलं, एकोणिसाव्या शतकातलं. कुस्तीतली ही जुनी रीत. १९४० च्या दशकात गॉर्जस जॉर्ज नावाचा झगमगीत झगा घालणारा रेसलर एल्गार यांच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’वर, म्हणजे १९०१ च्या संचलनगीतावर, डौलात यायचा, हेच संगीत पुढे रँडी सॅव्हेजने घेतलं. रिक फ्लेअर रिचर्ड स्ट्राउस यांच्या ‘आल्झो श्प्राख झरथुस्त्रा’वर. जेरी लॉलर मुसोर्गस्कींच्या ‘ग्रेट गेट ऑफ कीव्ह’वर. डॅनियल ब्रायन वाग्नरच्या वाल्किरींवर. यात भव्यतेची हौस आहे, आणि जुन्या रचनांना रॉयल्टी पडत नाही हा साधा हिशेबही आहे. गंमत म्हणजे एल्गार आणि वाग्नर यांची नावं समालोचक अधूनमधून घेत, जॉन्स्टनचं नाव क्वचितच. मेलेल्या संगीतकाराचं नाव घेतल्याने कुस्तीच्या गोष्टीला धक्का लागत नाही, हे त्यामागचं कारण असावं.

जॉन्स्टनचं मला सर्वांत आवडणारं काम मात्र यातलं कोणतंच नाही. ते आहे १९९६ मधल्या मॅनकाइंडचं. हे पात्र करणारा मिक फोली चामड्याचा मुखवटा घालून, केस उपटत, किंचाळत यायचा. तो येताना कुबट, दडपून टाकणारं संगीत वाजे. आणि कुस्ती जिंकल्यावर? जाताना वेगळंच संगीत वाजायचं: शांत, हळवा पियानो. येतानाचं एक आणि जातानाचं दुसरं, असं कुस्तीत जवळजवळ कोणी करत नाही. त्या दोन तुकड्यांनी एक अख्खं पात्र उभं केलं. या माणसाला वेदना दिल्या की शांत वाटतं, हे एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला कळलं. नाटकातल्या दिग्दर्शकाने असं काही केलं असतं तर त्यावर परिसंवाद झाले असते. इथे लोक तोवर जाहिरातीसाठी उठून पाणी प्यायला गेलेले असायचे.

जॉन्स्टन एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. हल्क होगनचं ‘रियल अमेरिकन’ रिक डेरिंजर यांचं, बर्नार्ड केनी यांच्यासोबत लिहिलेलं. ते मुळात होगनसाठी नव्हतंच. बॅरी विंडहॅम आणि माइक रोटुंडा यांच्या ‘यू.एस. एक्सप्रेस’ या जोडीसाठी ते १९८५ च्या ‘द रेसलिंग अल्बम’मध्ये आलं, जोडी कंपनी सोडून गेली आणि गाणं होगनकडे आलं. डेरिंजर काही होतकरू नव्हते. १९६५ मध्ये, ऐन किशोरवयात, त्यांच्या ‘द मॅककॉइज’ बँडचं ‘हँग ऑन स्लूपी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले आणि त्याच जुलैमध्ये होगनही. होगनच्या बातमीसोबत जगभर ते गाणं वाजलं. डेरिंजर यांचा उल्लेख त्यातल्या किती ठिकाणी होता हे तुम्हीच आठवून पाहा.

आणि जिमी हार्ट! तो कर्णा घेऊन ओरडणारा, रंगीबेरंगी कोटातला मॅनेजर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो मूळचा मेम्फिसचा गायक, ‘द जेंट्रीज’ या बँडचा. त्यांचं ‘कीप ऑन डान्सिंग’ १९६५ मध्ये गाजलं होतं. शॉन मायकल्सचं ‘सेक्सी बॉय’ हार्ट आणि जे. जे. मॅग्वायर यांनी केलेलं. आधी ते शॉनची मॅनेजर शेरीने गायलं, मग खुद्द शॉनने. हार्टला २००५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पण ते मॅनेजर म्हणून. त्या हॉलमध्ये सिनेमा-खेळातल्या बड्या मंडळींसाठी विभाग आहे, जुन्या काळातल्यांसाठी आहे, संगीतकारांसाठी नाही. मॅग्वायर यांचं नाव तर कट्टर चाहत्यांच्याही तोंडी नसतं.

जपानमध्ये हीच गोष्ट आणखी वेडीवाकडी वळणं घेते. १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीच्या लढतीला लोक ‘अली बोमाये’ ओरडले. १९७७ मध्ये अलीवरच्या ‘द ग्रेटेस्ट’ या चित्रपटासाठी मायकल मासर यांनी त्या आरोळीवर गाणं केलं, ‘मँड्रिल’ बँडने ते वाजवलं. अली १९७६ मध्ये टोकियोत जपानी रेसलर अँटोनियो इनोकीशी लढला होता. त्या ओळखीतून ती धून इनोकीकडे आली आणि ‘इनोकी बोम-बा-ये’ झाली. इनोकी २०२२ मध्ये वारला तोवर जपानी लोकांच्या कानांत ती इनोकीचीच होऊन गेली होती. पुढे शिन्सुके नाकामुराने आपल्या गुडघ्याच्या फटक्याला ‘बोमाये’ नाव दिलं, अमेरिकेत आल्यावर त्याच फटक्याचं ‘किन्शासा’ झालं. आरोळीचा प्रवास पूर्ण झाला, मासर वाटेतच कुठेतरी उतरले.

इथे मला चाहत्यांशी थोडं भांडायचं आहे. गायक आणि रचनाकार यांत तुम्ही गल्लत करता. ट्रिपल एचचं ‘द गेम’ हे मोटरहेडचं गाणं म्हणून ओळखलं जातं. २००१ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ह्यूस्टनला लेमी आणि त्याच्या बँडने ते प्रत्यक्ष वाजवलं, आणि लेमीच्या त्या खरबरीत गळ्याशिवाय ते गाणं उभं राहिलं नसतं हे कबूल. पण लिहिलं जॉन्स्टननी. रँडी ऑर्टनचं ‘व्हॉइसेस’ रेव्ह थिअरीने गायलं, रचना जॉन्स्टनची. बाहेरून नावाजलेला कलाकार आणला की त्याचं नाव पोस्टरवर जातं, कारण नाव विकलं जातं. घरचा माणूस पगारावर असतो. आपल्या ग्रेट खलीचंही तसंच झालं: हिमाचलच्या सिरमौरच्या गड्याला ‘लँड ऑफ फाइव्ह रिव्हर्स’ असं पंजाबचं गाणं दिलं, आणि ते पंजाबी एमसीचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण पंजाबी एमसी आधीच जगभर गाजला होता. भूगोल चुकला तरी श्रेय बरोबर लागलं.

जॉन सीनाचं ‘द टाइम इज नाऊ’ तर कांद्यासारखं सोलत बसावं असं आहे. २००५ चं गाणं, गाणारा सीना स्वतः, संगीत जेक वन यांचं. पण ज्या तुताऱ्यांवर अख्खं स्टेडियम उभं राहतं, त्या जेक वनच्या नाहीत. पीट स्कोफील्ड यांच्या वाद्यवृंदाने ‘द नाइट द लाइट्स वेंट आउट इन जॉर्जिया’ हे गाणं वाजवलं होतं, त्यातला तो तुकडा. आणि ते मूळ गाणं लिहिलं बॉबी रसेल यांनी. म्हणजे सीना ‘यू कान्ट सी मी’ म्हणतो तेव्हा खरंच न दिसणारी दोन-तीन माणसं त्याच्या मागे उभी असतात.

पैशाची बाजू थोडक्यात, कारण मान आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकी कायद्यात नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रचनेचा कर्ता कायद्याच्या लेखी कंपनीच असते. त्यामुळे धून कंपनीची, तिचं प्रकाशन कंपनीच्याच संस्थेकडे. डब्ल्यूडब्ल्यूईच्या जुन्या अल्बमांवर ‘स्टेफनी म्युझिक पब्लिशिंग’ हे नाव दिसतं ते त्यामुळे. संगीतकार म्हणून नोंदणी असेल तर प्रसारणाच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा मिळू शकतो, पण तो करारावर अवलंबून. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. कायदा कागदावर चांगला आहे. ठरावीक रक्कम घ्या आणि विषय संपवा, असं सांगणारे निर्माते आजही भेटतातच.

मालकी कोणाची याने रेसलरचंही नशीब बदलतं. कंपनी सोडली की धून मागे राहते. म्हणून क्रिस जेरिकोने पुढे स्वतःच्याच फॉझी बँडचं ‘जुडास’ वापरलं आणि ते प्रेक्षक पाठ म्हणू लागले. कोडी ऱ्होड्सने डाउनस्टेट बँडचं ‘किंगडम’ एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत वापरलं, आणि २०२२ च्या रेसलमेनियात डब्ल्यूडब्ल्यूईत परतताना तेच गाणं सोबत घेऊन आला. धून घेऊन उंबरठा ओलांडता येणं ही या धंद्यात चैन आहे.

जॉन्स्टननंतर काय? शेवटच्या काही वर्षांतच काम ‘सीएफओ डॉलर’ या जोडीकडे सरकलं होतं: जॉन पॉल अलिकास्ट्रो आणि माइक लॉरी. नाकामुराचं ‘द रायझिंग सन’ त्यांचं. त्यातलं व्हायोलिन प्रेक्षक शब्दांशिवाय नुसतं गुणगुणतात, आणि माझ्या मते एन्ट्रीच्या धुनेला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही. २०१६ मध्ये ब्रुकलिनला ली इंग्लंड ज्युनियर यांनी ते मंचावर वाजवलं, २०१८ च्या रेसलमेनियात नीटा स्ट्राउस यांनी गिटारवर. वाजवणारे दिसले, त्यांचं नाव झालं. रचणारे तिथेही मागेच. आता गाण्यांपुढे ‘डेफ रेबेल’ असतं. हा समूह आहे, आणि सगळ्या गाण्यांना एकच नाव लागलं की कोणती धून कोणाच्या हातची हे ओळखायची वाटच बंद होते. चाहते त्यांच्या गाण्यांना एकसुरी म्हणून नावं ठेवतात. त्यात तथ्य आहेच, पण तुम्ही नावं कोणाला ठेवताय हेही तुम्हाला ठाऊक नसतं. उलट एईडब्ल्यूने २०१९ पासून माइकी रूकस यांना संगीतकार म्हणून नावानिशी पुढे ठेवलं. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. वाईट धून केली तर शिव्या खायलाही नाव हवंच की.

आपल्याकडे खासबागेत किंवा गावच्या जत्रेच्या फडावर हलगीवाला काय करतो ते आठवा. जोडी भिडली की लय चढवतो, पकड बसली की ठोका बदलतो, निकाली कुस्ती झाली की मैदान डोक्यावर घेतो. पैलवानाचं नाव, तालमीचं नाव, वस्तादाचं नाव पुकारतात, इनाम जाहीर होतं. हलगीवाल्याच्या हातात कोणी खूश होऊन नोट ठेवतो, नाव मात्र पुकारलं जात नाही. फरक इतकाच की तो डोळ्यांसमोर असतो.

मग करायचं काय? मोठमोठ्या पुरस्कारांची वाट बघू नका. धून वाजवून रील टाकता, गिटारवर वाजवता, रिंगटोन वाटता, तेव्हा रेसलरच्या नावाखाली रचनाकाराचं नाव लिहा. ते शोधणं अवघड नाही. अमेरिकेतल्या एस्कॅप आणि बीएमआय या हक्कसंस्थांच्या नोंदी कोणालाही फुकट शोधता येतात, आणि स्ट्रीमिंगच्या ॲपवर गाण्याच्या मेनूत श्रेयनामावली उघडली की लिहिणारे, गाणारे, निर्माते वेगळे दिसतात. तिथे गायकाच्या नावावर थांबू नका, लिहिणाऱ्याच्या रकान्यापर्यंत जा. मराठीत यूट्यूबवर कुस्तीचे व्हिडिओ करणारी पोरं आता पुष्कळ आहेत. ‘अंडरटेकरचं गाणं’ म्हणण्याऐवजी ‘अंडरटेकरसाठी जिम जॉन्स्टननी केलेली धून’ म्हणायला त्यांना एक श्वास जास्त लागेल.

आणि धुनेवर बोला. आवडली, एवढ्यावर सोडू नका. का चालते, कुठे फसते ते सांगा. कारागिराला टाळ्यांपेक्षा हे जास्त लागतं. सुरुवात करायची तर मॅनकाइंडचे ते दोन तुकडे हेडफोनवर ऐका, आधी येतानाचा, मग जातानाचा. पियानोच्या तुकड्याचं नाव ‘ओड टू फ्रॉइड’ आहे.